तेच ताट, पण मूत्रपिंड सत्तरीचे

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या आत्याचा आणि तिच्या धाकट्या नातवाचा रक्ताचा अहवाल एकाच दिवशी हाती आला. नातू २५ वर्षांचा. बोटीवरच्या नोकरीसाठी त्याला वैद्यकीय तपासणी करून घ्यायची होती. आत्या ७२ वर्षांची, अंगाने किरकोळ, बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी घेणारी. ती केवळ सोबत म्हणून तालुक्याच्या गावी गेली होती आणि आलोच आहोत तर तुझेही रक्त तपासून घेऊ, असे नातवाने म्हटल्यामुळे तिचीही तपासणी झाली. दोघांच्या अहवालात क्रिएटिनिनसमोर एकच आकडा होता : १.१. शेजारच्या रकान्यात ‘०.६ ते १.२’ अशी मर्यादा छापलेली असल्यामुळे दोघांचीही मूत्रपिंडे उत्तम आहेत, असे घरात सगळ्यांनी मानले. मला मात्र तो सारखा आकडा पाहून काळजी वाटली, आणि ती का वाटली हे घरच्यांना सांगताना जे सांगावे लागले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. तो रक्तात येतो आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. नातवाचे दंड-मांड्या भरलेले असल्यामुळे त्याच्या रक्तात दिवसभरात पुष्कळ क्रिएटिनिन येते आणि तितकेच बाहेर जाते. आत्याच्या अंगावर स्नायूच थोडे असल्यामुळे तिच्या रक्तात ते थोडेच येते, आणि तरीही पातळी नातवाइतकीच राहते. पोफळीच्या बागेत दोन कुंड्यांतील पाण्याची पातळी सारखी आहे, पण एकीत पाटाचे पाणी धो धो येते आहे आणि दुसरीत बारीक धारेने, तर दुसऱ्या कुंडीचा निचरा मंदावला आहे हे शिंपणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच वय आणि लिंग लक्षात घेऊन क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचा गाळणवेग काढण्याचे सूत्र असते. अहवालात तो ‘ईजीएफआर’ या नावाने येतो. २०२१ साली सुधारलेल्या सूत्रात हे आकडे घातले, की नातवाचा गाळणवेग मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर येतो आणि आत्याचा सुमारे ५३. आकडा एकच, पण एकाची मूत्रपिंडे भरदार आणि दुसरीची जवळजवळ निम्म्या वेगाने चालणारी.

मूत्रपिंडांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात वय, आहार आणि संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, यांचे तीन वेगळे कप्पे केलेले असतात. वय झाले की किडनी थकते, हे एकात. शहाळे किडनीला चांगले आणि टोमॅटो वाईट, हे दुसऱ्यात. हार्मोन्सचे काय ते डॉक्टरांनी पाहावे, हे तिसऱ्यात. प्रत्यक्ष शरीरात हे तीन कप्पे नाहीत. वयाने मूत्रपिंड बदलते, त्यामुळे संप्रेरकांचे हुकूम वेगळ्या तऱ्हेने पाळले जातात, आणि त्यामुळे कालपर्यंत निरुपद्रवी असलेले ताट आज जड होऊ शकते. अमुक पदार्थ किडनीला चांगला की वाईट, या प्रश्नाला कोणाच्या किडनीला हे विचारल्याशिवाय उत्तर नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक मूत्रपिंड साधारण मुठीएवढे आणि १२० ते १५० ग्रॅम वजनाचे असते. इतक्या लहान अवयवांच्या या जोडीकडे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. निरोगी तरुण माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते ती दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेल्यापैकी ९९ टक्के पाणी आणि त्यातले हवे ते क्षार परत रक्तात घेतले जातात. गाळणे हे मूत्रपिंडाचे अर्धेच काम. काय परत घ्यायचे, किती घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे हा निवाडा हे दुसरे अर्धे काम, आणि तो निवाडा मुख्यतः संप्रेरकांच्या सांगण्यावरून होतो. हे सारे ज्या सूक्ष्म नलिकांमध्ये घडते त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात ते सरासरीने दहा लाखांच्या आसपास असतात, मात्र माणसामाणसांत ही संख्या पुष्कळ कमी-जास्त असते. नेफ्रॉन आईच्या पोटातच घडतात. गर्भारपणाच्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत जेवढे झाले तेवढे झाले. जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी मुळातच लहान असते, आणि म्हणून गरोदर बाईच्या पोटात पुरेसे अन्न जाणे हा तिच्या मुलाच्या साठीनंतरच्या मूत्रपिंडांचाही प्रश्न असतो.

तिशी-चाळिशीनंतर ही शिदोरी हळूहळू सरू लागते. काही नेफ्रॉनांच्या गाळण्या कठीण होऊन बंद पडतात आणि सत्तरीपर्यंत कामावरच्या नेफ्रॉनांची संख्या तरुणपणाच्या जवळजवळ निम्मी झालेली असते. गाळणवेग सरासरीने दरवर्षी एक मिलिलिटरच्या आतबाहेर उतरतो. परंतु सरासरी सगळ्यांना लागू होत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अनेक वर्षे त्याच माणसांच्या तपासण्या करून १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ एक-तृतीयांश लोकांचा गाळणवेग वाढत्या वयातही उतरलेला दिसला नाही. ज्यांचा रक्तदाब जास्त होता, त्यांचा मात्र अधिक वेगाने उतरला. त्यामुळे ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून विषय मिटवणे बरोबर नाही. घसरण वयाबरोबर येते, पण तिचा वेग रक्तदाब, साखर, तंबाखू आणि औषधे यांवर अवलंबून असतो.

संख्या घटते त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे मूत्रपिंडांची लवचीकता कमी होते. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला खारे पाणी पिऊन तहान भागत नाही हे लहानपणापासून ठाऊक असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, माणसाच्या मूत्रपिंडाला इतकी दाट लघवी करता येत नाही, आणि म्हणून प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी क्षार बाहेर टाकण्यातच खर्च होते. मासे समुद्राचे पाणी पितात ते कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकण्याची सोय असल्यामुळे. आपल्याला ती सोय नाही. लघवी दाट करणे एवढीच काय ती आपली मिळकत, आणि तीही वयाबरोबर कमी होते. पंचविशी-तिशीत लघवीची दाटी ज्या परिमाणात १,१०० पर्यंत नेता येते, त्याच परिमाणात साठीनंतर ती ९०० च्या खालीच अडते. त्यातच म्हातारपणी तहान कमी लागते. वैशाखात घामाने चिंब होऊनही आत्या दुपारभर पाणी मागत नाही, तेव्हा तिला पाण्याची गरज नसते असे नाही. गरज आहे हे सांगणारी घंटाच मंद झालेली असते.

मिठाच्या बाबतीतही असाच बदल होतो, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. आहारातले मीठ एकाएकी कमी केले, तर मूत्रपिंडे लघवीतले सोडियम राखू लागतात. तिशीच्या आतील माणसात लघवीतून जाणारे सोडियम निम्म्यावर यायला साधारण १८ तास लागतात, तर साठीपुढच्या माणसात सुमारे ३१ तास. म्हणजे जास्तीचे मीठ टाकायलाही वृद्ध मूत्रपिंडाला कष्ट पडतात आणि हवे असलेले मीठ राखायलाही. घरातल्या वयस्कर माणसाचे मीठ उत्साहाच्या भरात पूर्ण बंद केले, वर लघवी वाढवणारी गोळी चालू आहे आणि त्यात दोन दिवस जुलाब झाले, की रक्तातले सोडियम उतरून माणूस बरळू लागतो. अशा वेळी घरच्यांना तो डोक्याचा विकार वाटतो.

हे हुकूम सोडणारी संप्रेरके कोणती, तेही पाहिले पाहिजे. मूत्रपिंड संप्रेरकांचे ऐकते, आणि स्वतः संप्रेरके तयारही करते. १८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या रक्तात सोडला तेव्हा त्याचा रक्तदाब वाढला. त्या अर्कातील द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. रक्तदाब उतरला किंवा शरीरातले पाणी-मीठ घटले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते, ते रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला सांगते. अल्डोस्टेरॉनच्या सांगण्यावरून मूत्रपिंड सोडियम राखते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. उपाशी, तहानलेल्या, जखमी माणसाला तगवणारी ही साखळी आहे. पण ती वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जोरात चालली, तर गाळण्यांवरचा दाब वाढून त्यांनाच इजा होते. या साखळीत अँजिओटेन्सिन तयार होणे रोखणारी पहिली तोंडाने घेण्याची गोळी, कॅप्टोप्रिल, १९८१ साली बाजारात आली. तिच्या शोधाची वाट ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाली होती. घोणस चावल्यावर मूत्रपिंडे बंद पडलेली माणसे आपल्या भागाने पाहिली आहेत, म्हणून दूरच्या एका सापाच्या विषातून मूत्रपिंडे वाचवणारे औषध निघावे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वयाबरोबर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही उतरतात. यात काही वाईट नाही असे वाटेल. पण शहाळ्याचे उदाहरण घेऊ. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. पंचविशीच्या नातवाने लागोपाठ दोन शहाळी प्यायली, तरी अल्डोस्टेरॉन वाढते आणि काही तासांत जास्तीचे पोटॅशियम लघवीतून निघून जाते. सत्तरीच्या माणसात नेफ्रॉन निम्मे, अल्डोस्टेरॉन मुळात कमी, आणि रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन यांसारखी गोळी चालू असेल तर तीही अल्डोस्टेरॉन आणखी खाली आणते. गोळी चूक नाही. ती मूत्रपिंडाचे रक्षणच करते. मात्र अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून घरचे रोज शहाळे देऊ लागले, आणि मीठ वाईट म्हणून कोणाच्या सांगण्यावरून ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले, तर त्या मिठात सोडियमच्या जागी घातलेले असते तेही पोटॅशियमच. रक्तातले पोटॅशियम ३.५ ते ५ या मर्यादेत राहायला हवे. ते ६ च्या पुढे गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर बाहेरून काहीच दिसत नाही. शहाळे, वय, गोळी आणि मीठ यांपैकी एकालाही एकट्याने दोष देता येत नाही. चारही एकत्र आले, एवढेच घडते. म्हणून गाळणवेग कमी असलेल्या माणसाने शहाळे प्यावे की नाही, हे त्याच्या रक्तातील पोटॅशियम पाहूनच ठरवावे. ज्याचे पोटॅशियम ४ आहे त्याचे शहाळे तोडण्याचे कारण नाही, आणि ज्याचे साडेपाच आहे त्याला ते देणे हा लाड नव्हे.

मूत्रपिंड तयार करते त्या दुसऱ्या संप्रेरकाचे नाव एरिथ्रोपोएटिन. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करायला सांगते. मूत्रपिंडे क्षीण झाली की हा निरोप अपुरा पडतो, हिमोग्लोबिन उतरते, चार पायऱ्या चढताच धाप लागते आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही फरक पडत नाही. कमी हिमोग्लोबिन आणि वय साठीपुढे असेल, तर क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय थांबू नये.

मधुमेही माणसांच्या घरांत आणखी एक गैरसमज फार घात करतो. शरीरातले इन्सुलिन वापरून झाल्यावर त्याचा मोठा हिस्सा मूत्रपिंडात नष्ट होतो. मूत्रपिंडे थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते, आणि इतकी वर्षे आटोक्यात न येणारी साखर आपोआप उतरू लागते. जेवण तेच, औषध तेच, आणि साखर मात्र छान! घरात आनंद होतो, एखाद्या काढ्याला श्रेय मिळते. प्रत्यक्षात तो मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचा इशारा असू शकतो, आणि त्याच मात्रेच्या इन्सुलिनने किंवा गोळीने रात्री साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. कारणाशिवाय सुधारलेल्या साखरेकडे मी बिघडलेल्या साखरेइतक्याच गांभीर्याने पाहावे असे म्हणेन.

स्त्रियांच्या बाबतीत इस्ट्रोजेन हा आणखी एक धागा आहे. पाळी चालू असेपर्यंत हे संप्रेरक रक्तवाहिन्या लवचीक ठेवते आणि अँजिओटेन्सिनचा जोर काहीसा मोडते. पाळी गेल्यावर तो आधार जातो आणि पंचेचाळिशी-पन्नाशीपर्यंत उत्तम असलेला रक्तदाब चढू लागतो. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्या बायकांना पुढे मूत्रपिंडाचा विकार होण्याचा संभव अधिक असतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातली ती गोष्ट बाई स्वतः विसरलेली असते आणि तिला कोणी विचारतही नाही, पण तिने ती डॉक्टरांना आपणहून सांगावी. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे याच्यामागेही पुष्कळदा संप्रेरकच असते : पाणी राखायला सांगणारे व्हॅसोप्रेसिन तरुणपणी रात्री वाढते, म्हातारपणी ती रात्रीची वाढ नाहीशी होते. पुरुषांत प्रोस्टेट आणि दोघांतही मधुमेह ही कारणे आधी तपासली पाहिजेत, हे अर्थातच आहे. थायरॉईड मंदावल्यानेही गाळणवेग उतरतो, पण तो उपचाराने बहुधा पुन्हा वर येतो. म्हणून क्रिएटिनिन वाढलेले दिसले तर थायरॉईडची साधी तपासणी करून घ्यावी.

वय, आहार आणि संप्रेरके एकाच गाठीत कशी बांधलेली आहेत, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा शोध १९९७ सालचा आहे. जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांचा असा एक वाण मिळाला, ज्याच्यात एक जनुक बिघडलेले होते. हे उंदीर जेमतेम दोन महिने जगत, आणि तेवढ्या काळात त्यांच्या धमन्या कठीण होत, हाडे विरळ होत, त्वचा पातळ होई. जणू एखाद्याचे सारे म्हातारपण काही आठवड्यांत उरकावे. त्या जनुकाला आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेवरून ‘क्लोथो’ हे नाव देण्यात आले. पुढे कळले की क्लोथो हे प्रथिन सर्वांत जास्त तयार होते ते मूत्रपिंडात, आणि त्याचे एक मुख्य काम फॉस्फेटशी संबंधित आहे. जेवणातून फॉस्फरस जास्त आला की आपली हाडे एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक सोडतात; ते मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला आणि जीवनसत्त्व ‘ड’ चे कार्यक्षम रूप कमी करायला सांगते. हा निरोप मूत्रपिंडाला ऐकू येण्यासाठी क्लोथो लागते. आणि त्या उंदरांना फॉस्फेट कमी असलेले खाणे दिले, तेव्हा त्यांच्या अकाली वार्धक्याच्या खुणा पुष्कळ कमी झाल्या.

माणसात नेफ्रॉन घटतात तसे क्लोथोही घटते. हाडांना आपला निरोप पोहोचवण्यासाठी जास्त ओरडावे लागते, म्हणजे एफजीएफ-२३ वाढते. कार्यक्षम जीवनसत्त्व ‘ड’ उतरते. मग गळ्यातील पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढू लागतात. या साऱ्या काळात रक्तातले फॉस्फेट मात्र अहवालात व्यवस्थित दिसत राहते, कारण ते व्यवस्थित ठेवण्यासाठीच ही सारी धडपड चाललेली असते. किंमत हाडे, धमन्या आणि हृदय मोजतात. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाचे हाड किरकोळ पडण्याने मोडते आणि त्याला डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकार गाठतो.

फॉस्फरस कशात नाही? डाळीत आहे, मासळीत आहे, दुधात आहे. पण सगळा फॉस्फरस सारखा अंगी लागत नाही. डाळी-कडधान्यांतला बराचसा फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि आपल्या आतड्यांना तो पूर्ण सोडवता येत नाही. मासळी आणि दुधातला त्याहून अधिक शोषला जातो. सर्वांत जास्त, जवळजवळ सगळाच, शोषला जातो तो पाकिटातल्या पदार्थांत टिकाऊपणासाठी घातलेला फॉस्फेट : काळी थंड पेये, तयार मांसाचे पदार्थ, प्रक्रिया केलेले चीज, काही बेकरीचे जिन्नस. मूत्रपिंड नाजूक झालेल्या माणसाची कुळथाची पिठी आणि आमटी बंद करून त्याला चहाबरोबर पाकिटातले काहीतरी देणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ते पाहून वाईट वाटते. आधी पाकीट बंद करावे. कुळीथ फार नंतरची गोष्ट आहे. जाता जाता सांगायला हवे, की कुळथाच्या कढणाची मुतखड्यासाठी मोठी ख्याती आहे, पण पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआपच पडतात, आणि मोठा खडा मूत्रवाहिनीत अडकून मूत्रपिंड सुजलेले असताना कढणावर आठवडे घालवणे धोक्याचे आहे.

मासे बंद करावे लागतील का, हा किनाऱ्यावरचा पहिला प्रश्न असतो. बहुधा नाही. प्रथिनांचे मोठे जेवण झाले की मूत्रपिंडांचा गाळणवेग काही तास वाढतो. निरोगी मूत्रपिंडाला त्याचे काही वाटत नाही, पण निम्म्या नेफ्रॉनांवर चालणाऱ्या मूत्रपिंडात उरलेल्या प्रत्येक गाळणीवर दाब वाढतो. म्हणून गाळणवेग उतरलेल्यांना दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. आत्याचे वजन ४५ किलो, म्हणजे ३६ ग्रॅम. एका मध्यम बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम, वाटीभर आमटीत सहा-सात, आणि उरलेले भात-भाकरीतून येतात; हिशेब जमतो. याहून फार कमी केले तर आधीच थोडे असलेले स्नायू झडतात, माणूस पडतो, आणि गंमत म्हणजे क्रिएटिनिन उतरून अहवाल सुधारल्यासारखा दिसतो. वृद्धांच्या बाबतीत मला प्रथिने जास्त होण्याइतकीच कमी पडण्याची भीती वाटते.

खरा प्रश्न मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याएवढे, मीठ सांगितले आहे, आणि भारतातल्या पाहण्यांत ते आठ ग्रॅमच्या वर सापडते. आपल्या ताटात ते कोठून येते ते नीट पाहावे. उन्हात बांबूच्या मांडवावर वाळवलेले बोंबील किंवा जवळा बहुधा मिठाशिवाय सुकवलेला असतो. खारा बांगडा किंवा खारवलेली सुरमई मात्र मिठातच मुरलेली असते, आणि ५० ग्रॅमच्या एका तुकडीतून दिवसभराचे सगळे मीठ पोटात जाऊ शकते. दोन्हींना आपण ‘सुकी मासळी’ म्हणतो, पण मूत्रपिंडासाठी ते दोन वेगळे पदार्थ आहेत. कोकमाचेही तसेच. आगळ मीठ घालून टिकवलेले असते आणि सरबताचा अर्क साखर घालून. सोलकढीसाठी नुसती आमसुले भिजत घातली तर मीठ आपल्या हाती राहते. पेजेबरोबरची खारातली कैरी, पापड, लोणचे यांत मीठ किती ते जिभेला कळते, पण पावात आणि शेवेत किती ते कळत नाही. सैंधव आणि समुद्री मीठ यांत मूत्रपिंडाच्या दृष्टीने काही भेद नाही; दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

मीठ कमी करताना ते महिनाभरात टप्प्याटप्प्याने करावे, जिभेला सवय होते. आत्याने सुरुवातीला ‘मग जेवायचं तरी काय?’ असा प्रश्न केला होता. तिने स्वतःच तिरफळ, आमसूल आणि ओल्या खोबऱ्याचे प्रमाण वाढवून आमटीत मीठ निम्मे केले, आणि गणपतीपर्यंत घरातल्या इतरांना बाहेरचे जेवण खारट लागू लागले.

परसातल्या एका फळाविषयी मात्र स्पष्ट सावध करायला हवे. बिलिंबी, जिला काही गावांत बिंबली म्हणतात, आमटीत दोन-चार घातली तर बिघडत नाही. परंतु कोलेस्टेरॉल किंवा साखर उतरते म्हणून तिचा रस पेलाभर पिणाऱ्यांची मूत्रपिंडे ऑक्झालेटचे स्फटिक साचून अचानक बंद पडल्याच्या घटना केरळमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. तिच्याच कुळातले कमरख मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाने मुळीच खाऊ नये. त्यातले एक द्रव्य अशा शरीरातून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करते, न थांबणारी उचकी आणि झटके येऊ शकतात.

आता पुन्हा आत्याकडे. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता. गुडघे दुखतात तेव्हा कोणती गोळी घेता, असे त्यांनी विचारले, आणि तिने पिशवीतून डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी काढून दाखवली. ही गोळी शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्ये थोपवून दुखणे कमी करते, तीच मूत्रपिंडात जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवत असतात. तरुण माणसाचे मूत्रपिंड यांच्यावाचून भागवते. वृद्ध मूत्रपिंड त्यांच्यावरच विसंबून असते. त्यात अँजिओटेन्सिन रोखणारी गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करते आणि लघवीची गोळी रक्तातले पाणी कमी करते. तिन्ही चालू असताना लावणीच्या दिवसांत ताप येऊन उलट्या-जुलाब झाले, तर गाळण्यांवर रक्ताचा दाबच उरत नाही. तो ताप लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, असेल तर तो स्वतंत्रपणेही मूत्रपिंडांवर घाला घालतो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तिला ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, शेक आणि मांड्यांचे व्यायाम दिले.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे प्रमाण पाहण्याची. ही तपासणी मला सर्वांत उपेक्षित वाटते. गाळणी फाटू लागली की रक्तातले प्रथिन लघवीत झिरपते, आणि हे क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी घडते. हे प्रमाण दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिनच्या आत असावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ईजीएफआर आणि हे प्रमाण दोन्ही पाहावे. एकटे क्रिएटिनिन पुरेसे नाही.

तीन महिन्यांनी, डायक्लोफेनॅक बंद झाल्यावर, तिचे क्रिएटिनिन १.०५ आले, म्हणजे गाळणवेग ५६, आणि लघवीतले अल्ब्युमिन मर्यादेत. तीन महिने ६० च्या खाली राहिलेला गाळणवेग म्हणजे जुनाट मूत्रपिंडविकार, अशी व्याख्या आहे. सत्तरी ओलांडलेल्या, लघवीत प्रथिन नसलेल्या माणसाला हे नाव द्यावे की याला वयाचा उतार म्हणावे, यावर मूत्रपिंडतज्ज्ञांतच वाद आहे. मला नावापेक्षा परिणाम महत्त्वाचा वाटतो : या मूत्रपिंडांकडे राखीव साठा थोडा आहे, आणि औषधांच्या मात्रा ठरवताना, स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देण्याआधी किंवा जुलाबाच्या दिवसांत ते लक्षात ठेवायला हवे.

आत्याच्या औषधांच्या डब्यात आता एक कागद घडी करून ठेवलेला आहे. त्यावर नातवाने बोटीवर जाण्यापूर्वी ठळक अक्षरांत दोन्ही तारखांचे आकडे लिहिले आहेत, आणि त्याखाली डॉक्टरांनी सांगितलेली सूचना : उलट्या-जुलाब सुरू होऊन खाणे-पिणे बंद झाले, तर ओआरएस सुरू करायचे, रक्तदाबाची कोणती गोळी तात्पुरती थांबवायची हे त्याच दिवशी फोन करून विचारायचे, आणि दुखण्याची गोळी कोणीही दिली तरी हा कागद दाखवल्याशिवाय घ्यायची नाही.